निरंक : मयताच्या घरसामानाची किंमत आणि आमचा इतिहास

आजा वारला त्याला महिना झाला होता. त्याच्या नावावर टपाल खात्याच्या बचत पुस्तकात थोडी रक्कम होती आणि नामनिर्देशन केलेले नव्हते. वारसाचे कागद करण्यासाठी मी कळमनुरीच्या एका अर्जनविसासमोर बसलो. अर्जात एक रकाना होता : मयताची जंगम मिळकत, घरसामान आणि त्याची अंदाजे किंमत. अर्जनविसाने आधीची सगळी माहिती मला विचारून लिहिली होती. गाव विचारले, वय विचारले, मृत्यूची तारीख विचारली. या रकान्याशी आल्यावर मात्र त्याने काही विचारले नाही. वर लिहिलेल्या आडनावाकडे एकदा पाहिले आणि ‘निरंक’ असा शब्द लिहून तो पुढच्या रकान्याकडे गेला.

मी गप्प राहिलो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. कागद कसा तयार होतो, कोणाच्या हातून होतो आणि शंभर वर्षांनी तो कसा पुरावा म्हणून उभा राहतो, हे मी दर वर्षी मुलांना सांगतो. तरीही मी त्या ‘निरंक’खाली सही केली. घरी आलो तेव्हा आजी आज्याची लोखंडी पेटी उघडून बसली होती. पेटीत एक धोतर, दोन सदरे, बाबासाहेबांची चौकट निघालेली तसबीर, बावीस प्रतिज्ञांची चोपडी आणि मजुरीच्या हिशेबाचे काही चिटोरे होते. कोपऱ्यात एक विळा, एक कुऱ्हाड आणि घुंगरू लावलेली काठी उभी होती. चुलीशेजारी पितळी तांब्या होता. त्यावर ‘भीमजयंती’ असे कोरलेले होते आणि त्याखाली आज्याचे नाव होते. आमच्या घरात लिहिले गेलेले ते पहिले नाव. मी वही घेऊन एकेक वस्तू लिहू लागलो, तेव्हा आजी म्हणाली, “काय लिहायलास लेकरा? आपल्यात काय हाय लिहण्यासारखं?”

अर्जनविसाचे उत्तर आणि आजीचे उत्तर एकच होते. एकाने ते आडनाव पाहून दिले, दुसरीने जन्मभराच्या अनुभवातून दिले. हे उत्तर या दोघांच्या तोंडी आले कोठून, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

*

मेलेल्या माणसाच्या वस्तूंची यादी करणे ही क्षुल्लक बाब आहे, असे वरकरणी वाटते. वस्तुतः सामान्य माणसाचा इतिहास ज्या थोड्या कागदांवरून लिहिता येतो त्यांत या यादीचे स्थान फार वरचे आहे. इंग्लंडमध्ये १५२९ च्या कायद्याने मृत्युपत्र सिद्ध करताना घरसामानाची यादी जोडणे आवश्यक ठरवले. दोन विश्वासू माणसे, बहुधा शेजारीच, घरात शिरून प्रत्येक खोलीतील वस्तू मोजत आणि तिच्यापुढे किंमत लिहीत. आज तेथील इतिहासकार सोळाव्या-सतराव्या शतकातील साध्या शेतकऱ्याच्या घरात अंथरुणे किती होती, कढई लोखंडाची होती की पितळेची, पुस्तक होते की नव्हते हे सांगू शकतात ते या याद्यांच्या बळावर. ज्याची यादी झाली त्याला इतिहास मिळाला. तिथेही अगदी निष्कांचन माणूस यादीबाहेरच राहिला, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे यादी होई ती बड्यांची. मोगलांचा उमराव वारला की त्याच्या मालमत्तेवर बादशाही जप्ती येई आणि तिची मोजदाद होई. निजामाच्या मुलखात मयताच्या मागे राहिलेल्या मिळकतीला ‘मतरूका’ म्हणत. कळमनुरी हा त्याच मुलखातील परभणी जिल्ह्याचा तालुका. १९४८ पर्यंत येथे निजामाची सत्ता होती. पुढे १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र आणि १९९९ साली हिंगोली जिल्हा, असा या तालुक्याचा प्रवास झाला. आमचे आजे-पणजे ज्या निजामाची रयत होते तो सातवा निजाम १९६७ साली वारला. त्याच्या जवाहिराच्या किमतीवरून वर्षानुवर्षे वाद चालले, जाणकार आले, न्यायालये बसली. शेवटी १९९५ साली भारत सरकारने १७३ नग २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. त्या एकेका नगाला नाव आहे, वजन आहे, इतिहास आहे. तो खजिना ज्यांच्या श्रमांवर उभा राहिला त्यांच्या चुलीपाशी कोणती भांडी होती, याची यादी कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.

याचा अर्थ आमच्या वस्तूंची यादी कधी झालीच नाही असा नाही. एक यादी फार पूर्वी झाली होती. ती मनूने केली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ज्यांना त्याने चांडाळ म्हटले त्यांच्या मिळकतीचा हिशेब आहे : धन म्हणून कुत्री आणि गाढवे, वस्त्र म्हणून प्रेतावरचे कापड, जेवायला फुटकी भांडी आणि दागिने लोखंडाचे. याकडे आपण बहुधा अपमानाची वचने म्हणून पाहतो. ती अपमानाची आहेतच. पण त्याहून अधिक म्हणजे ती मालमत्तेची यादी आहे. माणूस जन्मण्यापूर्वीच त्याच्या मृत्यूनंतर घरात काय सापडावे हे तिने ठरवून टाकले आहे. इतर याद्या माणूस मेल्यावर होतात, ही यादी आधी झाली आणि माणसांना तिच्यात बसवले गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ही यादीही जाळली गेली, असे मी मानतो.

गावगाड्याने मनूची ही यादी हक्काच्या भाषेत आणून ठेवली. बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले अशी आख्यायिका महार समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. त्या हक्कांत मेलेले ढोर होते तसेच मढ्यावरचे कापडही होते. मयताची खबर परगावी पोचवायची महाराने, सरणाची लाकडे आणायची महाराने आणि त्याबद्दल घ्यायचे ते मढ्यावरचे कापड. वाड्यातला माणूस वारला की त्याची जमीन मुलांकडे जाई, दागिने सुनांकडे जात, भांडी भावांत वाटली जात. प्रेतावरचा कपडा तेवढा वेशीबाहेर येई. म्हणजे दुसऱ्याच्या मृत्यूत वारसा होता आणि आपल्या मृत्यूत काहीच नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मृतमांस सोडा म्हणून सांगितले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. या दोन कृतींचे नाते यातून स्पष्ट होते. असला वारसा नाकारल्याशिवाय खरा वारसा निर्माण होणार नव्हता. आज्याच्या कोपऱ्यात उभी असलेली घुंगराची काठी त्याच वतनाची. तिच्याकडे पाहून मला अभिमान वाटत नाही. पण ती यादीत असली पाहिजे, असे मात्र वाटते.

*

स्वतंत्र भारताने मृताच्या मालमत्तेवर कर बसवला तो १९५३ साली. त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून मालमत्ता शुल्क कायदा अमलात आला. चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते. संपत्तीचा साठा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत राहू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. सुरुवातीला सर्वसाधारण मर्यादा एक लाख रुपयांची आणि मिताक्षरा एकत्र कुटुंबातील हिश्श्यासाठी पन्नास हजारांची होती. त्याखालच्यांना कर नव्हता. कायद्याने घरसामानाचा वेगळा विचार केला होता. कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, पोट भरायला लागणारी साधने आणि घरातील सामान मिळून २,५०० रुपयांपर्यंत माफ होते. मयताच्या वापरातले कपडेही माफ होते, त्यांत जडजवाहीर नसावे एवढीच अट. पुढे वसुली तुटपुंजी आणि खटाटोप मोठा, असे कारण देऊन हा कर उठवण्यात आला. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही.

यावर कोणी म्हणेल, कर गरिबाला नव्हताच, मग तुमची तक्रार कशाची? तक्रार कराची नाही. ‘माफ’ आणि ‘निरंक’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माफ म्हणजे वस्तू आहे, तिला किंमत आहे, तिने एका माणसाचे पोट चालवले आहे, म्हणून शासन तिच्यावर हात टाकणार नाही. निरंक म्हणजे वस्तूच नाही. १९५३ च्या कायद्याने विळ्या-कुऱ्हाडीला माफी देऊन त्यांचे अस्तित्व मान्य केले होते. अर्जनविसाने ते पुसले. गरीब म्हणून माफी मिळणे हा न्याय आहे, दलित म्हणून निरंक ठरणे हा अन्याय आहे. हे दोन्ही एकाच कोऱ्या रकान्यात लपतात, म्हणून ते वेगळे करून दाखवावे लागतात.

किंमत ठरवण्याची रीतही तपासली पाहिजे. मृत्यूच्या वेळी ती वस्तू खुल्या बाजारात विकली तर जी रक्कम येईल ती तिची किंमत, असे तो कायदा सांगत होता. कर जमवणाऱ्या शासनाला दुसरा मार्ग नाही, हे मान्य. परंतु खुला बाजार म्हणजे कोणीही कोणाकडून घ्यावे अशी जागा. ज्या गावात आमच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या गावात आमच्या चुलीवरचे मडके कोण विकत घेणार होते? सोने वितळवता येते, पितळ चिंच-राखेने घासून घेता येते, मातीचे मडके मात्र शुद्ध होत नाही, हे गावाचे शास्त्र होते. म्हणजे वस्तूच्या किमतीतून आधी जात वजा होई आणि मग उरलेल्याला बाजारभाव म्हणत. अर्थशास्त्राची पुस्तके ही वजाबाकी दाखवत नाहीत.

माणसाची किंमत मात्र बाजारात नियमित ठरत होती. आजा आयुष्याची बरीच वर्षे सालगडी होता. दर गुढीपाडव्याला त्याचे साल ठरे : एवढे रुपये, एवढी ज्वारी, एक जोडी कपडे, एक पायताण. जिवंत असेपर्यंत त्याचे मूल्यमापन दर वर्षी झाले. त्या वेळी कोणी ‘निरंक’ म्हटले नाही. पडवीत बसून दोन-चार माणसांनी त्याच्या अंगातल्या बळाचा अदमास घेतला आणि आकडा सांगितला. मग त्या बळावर जे चार जिन्नस घरात आले, ते तो मेल्यावर शून्य कसे होतात?

आमच्या घरसामानाची तपशीलवार यादी शासन करते, अशी एक वेळ असते. ती वेळ घर जळाल्यानंतरची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसे मारली गेली, घरे जाळली गेली, कणग्यांतले धान्य मातीत मिसळले, भांडी फोडली गेली. भांडी का फोडली, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. लुटून नेली असती तर त्यांना किंमत आहे असे ठरले असते. फोडली, कारण वेशीबाहेरच्या घरात अखंड भांडे दिसणे हेच मनूच्या यादीशी विसंगत होते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. आता अधिकाऱ्याने घटनास्थळी जाऊन मालमत्तेच्या हानीचा अंदाज घ्यायचा असतो. ही मोठी गोष्ट आहे. तरी प्रश्न उरतोच. पंचनाम्यात लिहिण्याइतके आमच्या घरात काही असते हे शासनाला राखेतूनच का दिसावे?

*

आता ज्या माणसाने आपल्याला लिहायला शिकवले, त्याच्याच मागे राहिलेल्या वस्तूंचे काय झाले ते पाहू.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात हिंदू वारसा कायदा झाला होता. मुलीला आणि विधवेला वारसा मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली होती आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. त्या बिलाचाच एक तुकडा म्हणजे हा कायदा आणि तो बौद्धांनाही लागू आहे. कायद्याचा हा पंडित गेला आणि त्याचे स्वतःचे कागद न्यायालयाच्या ताब्यात गेले. कितीतरी अप्रकाशित हस्तलिखिते त्यांत होती. दिल्लीहून ते कागद पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे, म्हणजे मयतांच्या मिळकती सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे आले आणि वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिले.

मिळकतीच्या दाव्यात किंमत कशी लिहितात, हे येथे समजून घेतले पाहिजे. १८७० च्या कोर्ट फी कायद्याला मूल्यांकनाचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात रोकड, घरसामान, अंगावरची वस्त्रे, पुस्तके, चांदीची भांडी आणि दागिने हे सगळे एकाच कलमात येते. पुस्तके येतात ती वस्त्रे आणि भांडी यांच्या मधे. हस्तलिखिताला वेगळी जागाच नाही. खुल्या बाजाराच्या मापाने टंकलिखित कागदांच्या गठ्ठ्याला रद्दीपलीकडे काय भाव येणार? नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी न्यायालयात जाऊन साधी मागणी केली की, हे लेखन छापण्याची मला परवानगी द्या, नाहीतर शासनाला छापायला सांगा. दावा वर्षानुवर्षे चालला. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या प्रकाशनासाठी समिती नेमली. १९७८ साली वसंत मून विशेष कार्य अधिकारी झाले आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. मून यांनी माईसाहेबांना गाठले, प्रकाश आंबेडकर आणि त्यांच्या कुटुंबीयांना गाठले, बनसोडांना गाठले. सर्वांनी संमती दिली. १८ सप्टेंबर १९८१ रोजी ते कागद मून यांच्या स्वाधीन झाले आणि पाच लोखंडी पेट्यांत ठेवले गेले. मृत्यूनंतर पंचवीस वर्षे होत आली होती.

त्या पेट्यांचे मोल १९८७ साली कळले. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचे लेखन तिसऱ्या खंडात आले आणि ‘रिडल्स इन हिंदुइझम’ चौथ्या खंडात. चौथ्या खंडातील राम-कृष्णांवरील परिशिष्ट काढून टाका म्हणून मोर्चे निघाले आणि ते राहू द्या म्हणून १९८८ च्या आरंभी मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला. बाजाराने ज्याला रद्दी म्हटले असते, त्या कागदांसाठी लाखो माणसे रस्त्यावर आली. किंमत कोण ठरवतो, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

वापरातल्या वस्तूंचीही तीच गोष्ट. नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात राबलेल्या वामनराव गोडबोल्यांनी माईसाहेबांकडून बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि अशा कितीतरी वस्तू आणून नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपल्या. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात व्हायोलिन आहे, मरणोत्तर मिळालेले भारतरत्न आहे. एका कोटाची बाजारात किंमत काय? कायद्याने तो ‘अंगावरची वस्त्रे’ या कलमात संपतो. पण ज्याच्या पूर्वजांना मढ्यावरचे कापड नेमून दिले होते, त्याने स्वतःच्या मापाने शिवून घेतलेला तो कोट आहे. मनूची यादी खोटी पाडणारा तो पुरावा आहे. आणि तो वाचला तो शासनाच्या मोजदादीमुळे नव्हे. एका कार्यकर्त्याला त्याचे मोल कळले म्हणून तो वाचला.

कोर्ट फीच्या त्याच नमुन्यात आणखी एक गोष्ट आहे. घरसामानाची किंमत लिहायची ती अर्जदाराने, आपल्या समजुतीप्रमाणे. म्हणजे पहिली लेखणी कायद्यानेच वारसाच्या हाती दिली आहे. आमच्या आज्या-पणज्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून ती अर्जनविसाच्या हाती गेली आणि त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिले. माझी गोष्ट वेगळी होती. मला अक्षर येत होते. मी वाचले आणि सही केली. दोष द्यायचाच तर आधी मी स्वतःला दिला पाहिजे. शिकलेली पहिली पिढी म्हणून आम्ही पगार, घर, बदली यांच्या मागे लागलो आणि ज्या पेटीवर बसून अभ्यास केला तिच्यात काय आहे हे लिहून ठेवायचे विसरलो. काही घरांत तर शहरात गेल्यावर ती पेटी, ती काठी, तो विळा लाजेखातर भंगारात घालण्यात आला. तो निरंक आपणच लिहिला आहे.

माझी यादी आता पूर्ण झाली आहे. एकूण एकोणतीस जिन्नस. आजीने प्रत्येकाची हकीकत सांगितली : कोणता कोणत्या सालच्या मजुरीतून आला, कोणता दुष्काळात गहाण पडला आणि कसा सोडवला. आत्यालाही विचारले, कारण वारस तीही आहे आणि घरसामानाची खरी माहिती बायांनाच असते. किमतीच्या रकान्यात मी बाजारभाव लिहिला नाही. त्या वस्तूसाठी किती दिवस राबावे लागले, ते लिहिले. तांब्यासमोर ‘अकरा दिवसांची मजुरी’ असे लिहिले आहे. न्यायालयात हे माप चालणार नाही, हे मला माहीत आहे. इतिहासात ते चालले पाहिजे.

प्रत्येक विद्यार्थ्याने, प्रत्येक शिक्षकाने, वस्तीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरातील गेलेल्या माणसाच्या वस्तूंची अशी यादी करावी. हयात म्हाताऱ्यांसमोर बसून करावी, तारीख घालावी, सांगणाऱ्याचे नाव घालावे आणि तिची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. कळमनुरीसारख्या तालुक्यात अशा शंभर याद्या झाल्या तरी मराठवाड्यातील दलितांचा जो भौतिक इतिहास आज कोणत्याच दफ्तरात नाही तो उभा राहू लागेल. ती यादी आपण केली नाही, तर दुसरा कोणी करील, आणि तो काय लिहील हे आपल्याला ठाऊक आहे.